सेवेची वाट आणि खिशाचं गणित

"समाजकार्य करायचं ते ठीक, पण त्यात पोट भरतं का?" हा प्रश्न कोल्हापूर, सांगली, बेळगावच्या घराघरांत विचारला जातो आणि विचारणारे आईवडील काही चुकीचे नसतात. मुलांचा प्रश्न मात्र निराळा असतो. बँकेच्या परीक्षेची जाहिरात निघते, कंपन्या कॉलेजात येऊन मुलं निवडतात. मग शांततेचं, सेवेचं काम शिकू पाहणाऱ्याने अर्ज करायचा तरी कुणाकडे?

दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकत्रच शोधावी लागतात. त्यासाठी बेंगळुरूइतकी सोयीची जागा दुसरी नाही. सीमाभागातून आणि दक्षिण महाराष्ट्रातून दरवर्षी मराठी मुलं तिथे शिकायला जातात. संगणकाचं शहर म्हणून त्याचं नाव झालं, पण सेवासंस्थांचं जाळंही तिथे तितकंच दाट आहे.

१. भिंतीवर लिहिणारा मुलगा

१९४२ च्या चलेजाव आंदोलनात बेंगळुरूच्या भिंतींवर घोषणा लिहिताना एक तेरा वर्षांचा मुलगा पकडला गेला. एस. एन. सुब्बराव हे त्याचं नाव. जन्म ७ फेब्रुवारी १९२९ चा, बेंगळुरूचाच. पुढे देशभरच्या तरुणांनी ज्यांना 'भाईजी' म्हटलं ते हेच. धारवाडच्या डॉ. ना. सु. हर्डीकरांनी १९२३ मध्ये काँग्रेसच्या सेवा दलाची उभारणी केली होती. तरुण सुब्बरावांना त्या कामासाठी दिल्लीला बोलावून घेतलं तेही हर्डीकरांनीच.

सुब्बराव नंतर चंबळच्या खोऱ्यात गेले. मुरैना जिल्ह्यातल्या जौरा इथे त्यांनी १९७० मध्ये महात्मा गांधी सेवा आश्रम सुरू केला. १४ एप्रिल १९७२ रोजी जयप्रकाश नारायण यांच्यासमोर दरोडेखोरांनी शस्त्रं खाली ठेवली, ती याच जौऱ्यात. गोष्ट इथेच थांबवली तर ती चमत्काराची वाटेल. पण त्या दिवसाच्या कितीतरी आधीपासून सुब्बराव त्या भागात तरुणांची शिबिरं घेत होते. शस्त्रं टाकल्यानंतर खटले, पुनर्वसन, दोन्ही बाजूंच्या कुटुंबांतलं वैर हे सगळं उरलंच होतं. शांततेचा एक दिवस वर्तमानपत्रात छापून येतो. त्यामागची वर्षं छापली जात नाहीत.

त्यांच्या राष्ट्रीय युवा योजनेच्या शिबिरांचा साचा साधा होता. सकाळी श्रमदान, दिवसा एकमेकांच्या भाषेचे धडे, संध्याकाळी सर्वधर्म प्रार्थना. 'भारत की संतान' या कार्यक्रमात वेगवेगळ्या राज्यांची मुलं आपापल्या भाषेत गायची. खाकी अर्धी चड्डी आणि पांढरा खादीचा सदरा घातलेले भाईजी उतारवयातही त्यांच्यात उभे राहून गात. २७ ऑक्टोबर २०२१ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी ते गेले. आज ज्याला इंटर्नशिप म्हणतात ते शिक्षण या शिबिरांनी कितीतरी आधी दिलं: थोडे दिवस, अनोळखी माणसं, अंगमेहनतीचं काम आणि ते करता करता झालेली स्वतःची पारख.

२. शांततेचं काम म्हणजे नेमकं कोणतं?

जाहिरातींमध्ये 'शांतता' हा शब्द शोधला तर हाताला फार थोडं लागतं. त्याचं कारण नॉर्वेचे अभ्यासक योहान गाल्टुंग यांच्या मांडणीत सापडतं. गाल्टुंग यांनी १९५९ मध्ये ओस्लोत शांतता-संशोधनाची संस्था उभी केली आणि पुढे एक महत्त्वाचा भेद सांगितला. मारामारी, दंगल, युद्ध थांबलं की एक प्रकारची शांतता येते. पण कुणी कुणाला मारत नसतानाही रचनाच अशी असू शकते, की काही माणसांचं आयुष्य त्या रचनेमुळे खुरटतं. ही अडचण दूर होते तेव्हा येते ती दुसरी, अधिक पक्की शांतता.

उदाहरण घेऊ. कचरा वेचणाऱ्या बाईला रोज कुणी मारत नाही. पण तिच्याकडे ओळखपत्र नाही, म्हणून पोलीस चोर समजतात. भंगारवाला वजनात मारतो. मुलगी धाकट्या भावंडांना सांभाळायला शाळा सोडते. या बाईला ओळखपत्र मिळवून देणं, मुलीला शाळेत टिकवणं हेही शांततेचंच काम आहे.

हे पटलं की शोधाची यादी एकदम लांबते. कायदेविषयक मदत, मनोसामाजिक आधार, अपंगांचं पुनर्वसन, शिक्षण, बचतगट, स्थलांतरितांचे हक्क या सगळ्या दारांवर 'शांतता' अशी पाटी नसते, पण आत तेच चाललेलं असतं.

३. इंटर्नशिप, फेलोशिप, शिष्यवृत्ती

या तिघींची गल्लत फार होते. गावाकडे पोहायला शिकताना कमरेला भोपळा बांधून विहिरीत उतरवतात. इंटर्नशिप तशी असते. काठावर जाणता माणूस, पाठीशी कॉलेज, मुदत काही आठवड्यांची. फेलोशिपमध्ये भोपळा सुटलेला असतो: पदवी हातात, काम पूर्ण वेळ, मुदत वर्ष-दोन वर्षं, दरमहा मानधन आणि एखाद्या कामाची खरी जबाबदारी. शिष्यवृत्तीचा संबंध शिकण्याच्या खर्चाशी. ती फी भरते, कधी राहण्या-जेवणाचं बघते. बदल्यात अभ्यास करायचा.

गल्लत झाली की काय होतं? दुसऱ्या वर्षाची मुलगी फेलोशिपला अर्ज करते आणि नकार आला की खचते. मुळात ती पात्रच नव्हती, आणि हे कुणी तिला आधी सांगितलेलं नसतं.

४. बेंगळुरूची काही दारं

१९६८ मध्ये सुरू झालेल्या 'मायराडा' या संस्थेचं पहिलं काम होतं तिबेटी निर्वासितांना वसवण्याचं. म्हणजे युद्ध आणि हद्दपारीची झळ लागलेल्या माणसांना जमीन आणि घर देण्याचं. पुढे हीच संस्था गावातल्या बायकांच्या बचतगटांकडे वळली. १९९२ मध्ये नाबार्डने बचतगटांना बँकांशी जोडण्याचा उपक्रम हाती घेतला, त्याच्या पूर्वतयारीत मायराडाचा अनुभव मोलाचा ठरला. शांततेपासून सेवेपर्यंतचा रस्ता किती सरळ असतो ते इथे दिसतं.

'हसिरु दळ' ही कचरावेचकांची संघटना. तिचं नातं पुण्याशी आहे. पुण्यात एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण कामातून कचरावेचक बायकांशी संबंध आला आणि १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. त्या पुण्याच्या कामात असलेल्या नलिनी शेखर यांनी नंतर बेंगळुरूत हसिरु दळाची पायाभरणी केली. बेंगळुरूत वॉर्डावॉर्डात सुक्या कचऱ्याची संकलन केंद्रं आहेत. असल्या केंद्रावर तासभर उभं राहिलं तरी डोळे उघडतात. दुधाच्या पिशव्या वेगळ्या, पाण्याच्या बाटल्या वेगळ्या, शांपूचे जाड डबे वेगळे, पुठ्ठा वेगळा. प्रत्येक ढिगाचा भाव निराळा. पुठ्ठा भिजला की भाव पडतो. चिप्सच्या चकचकीत पाकिटांना गिऱ्हाईक मिळता मिळत नाही. हात इतके सराईत, की कोणतं प्लास्टिक कोणत्या ढिगात जायचं हे बाई न बघता ठरवते. हे ज्ञान कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही, आणि ज्यांच्याकडे ते आहे त्यांच्या मुलांना शाळेचा अर्ज भरायला माणूस हवा असतो. विद्यार्थ्याचं काम बहुधा तिथूनच सुरू होतं: अर्ज, नोंदी, सर्वेक्षण, कागदपत्रांसाठी सरकारी कचेरीतले हेलपाटे.

भाषेचा मुद्दा इथे आडवा येतो. वस्तीतलं काम कन्नड, तमिळ, तेलुगू किंवा दख्खनीशिवाय पुढे सरकत नाही. बेळगाव-निपाणीच्या मुलांना कन्नड कानावरून गेलेलं असतं. हे मोठं भांडवल आहे आणि ती ते उगाच कमी लेखतात. पुण्या-साताऱ्याच्या मुलांनी दोन महिने आधी कामापुरतं कन्नड शिकायला घ्यावं. तोवर घरबसल्या करण्याजोगंही काम आहे. बेंगळुरूच्या 'प्रथम बुक्स'ने (स्थापना २००४) २०१५ मध्ये 'स्टोरीवीव्हर' हे खुलं व्यासपीठ सुरू केलं. तिथल्या मुलांच्या गोष्टी कुणीही आपल्या भाषेत आणू शकतो. चांगल्या मराठीत केलेल्या दहा गोष्टी म्हणजे अर्जासोबत दाखवता येईल असा भरभक्कम पुरावा.

बाकीची दारं झटपट बघू. अपंगांसाठी 'समर्थनम' (१९९७) आणि 'एनेबल इंडिया' (१९९९). शहराच्या कारभारात नागरिकांचा सहभाग वाढवणारी 'जनाग्रह' (२००१). ख्राइस्ट विद्यापीठात विद्यार्थ्यांना वस्त्यांशी जोडणारं सामाजिक कृती केंद्र १९९९ पासून आहे. कायद्याच्या विद्यार्थ्यांना विधी सेवा प्राधिकरणं आणि दिल्लीचा राष्ट्रीय मानवी हक्क आयोग हे मार्ग खुले आहेत. आयोग ऑनलाइन इंटर्नशिपही घेतो.

५. पत्र कसं लिहावं आणि हिशेब कसा मांडावा

लहान संस्था जाहिरात देत नाहीत. तिथे पत्रच लिहावं लागतं. "मला समाजासाठी काहीतरी करायचं आहे" अशा पत्राला उत्तर येत नाही, कारण वाचणाऱ्याला या मुलीला काय काम द्यावं हेच कळत नाही. उलट हे पाहा:

"मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात आहे. मराठी आणि हिंदी लिहिता-बोलता येतं, कन्नड समजतं, बोलताना अडखळते. गेल्या वर्षी दर शनिवारी एका शाळेत पाचवीच्या मुलांकडून वाचन करून घेत होते; त्याची नोंदवही सोबत जोडली आहे. जून आणि जुलै महिन्यांत आठवड्याचे पाच दिवस देऊ शकते. तुमच्या अभ्यासिकेत मुलांची हजेरी आणि वाचनपातळी यांच्या नोंदी ठेवणं मला जमेल."

पत्रात भारावलेलं एकही वाक्य नाही. काय येतं, काय येत नाही, कधी येणार, काय करणार, एवढंच. तारखाही विचार करून दिलेल्या आहेत. एप्रिल-मे महिन्यांत कर्नाटकातल्या शाळांना सुट्टी असते. शाळेत काम करायचं ठरवून मे महिन्यात गेलेल्या विद्यार्थ्याला कुलूप बघायला मिळतं.

आता पैसे. समजा, आठ आठवडे राहायचं आहे. पीजीत राहणं-जेवणं महिन्याला ९,००० आणि किरकोळ खर्च १,००० धरला तर दोन महिन्यांचे २०,००० झाले. संस्था महिन्याला ५,००० मानधन देत असेल तर १०,००० मिळतील. उरलेले १०,००० कुठून आणायचे? बेळगावच्या मुलीचा बसखर्च वाचू शकतो, कारण ११ जून २०२३ पासून कर्नाटकच्या रहिवासी महिलांना 'शक्ती' योजनेत साध्या सरकारी बसचा प्रवास मोफत आहे. कोल्हापूरच्या मुलीला तो वाचवता येत नाही. बाकी तूट भरण्यासाठी दोन-तीन वाटा असतात: संस्थेच्या आवारात राहण्याची सोय विचारणं, आठवड्यातले तीनच दिवस काम करून उरलेल्या दिवसांत शिकवणी घेणं, किंवा तेच काम आपल्या गावाजवळच्या संस्थेत करणं.

मानधनाचा प्रश्न विचारताना मुलं लाजतात. लाजू नये. विनावेतन काम ज्याच्या घरी पैसा आहे त्यालाच परवडतं, आणि मग सेवाक्षेत्रात फक्त त्याच घरांतली मुलं शिरतात. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयाची इंटर्नशिपही विनावेतन असते. न्यूयॉर्क-जिनिव्हाचा खर्च स्वतःचा. नाव मोठं असलं तरी हा हिशेब मांडूनच अर्ज करावा.

आणखी एक इशारा. 'इंटर्नशिप' म्हणून बोलवायचं, आणि मग नातेवाईक-मित्रांकडून अमुक इतक्या देणग्या गोळा केल्या तरच प्रमाणपत्र, असा उद्योग अनेक ठिकाणी चालतो. ती इंटर्नशिप नव्हे. नोंदणीसाठी पैसे मागणाऱ्या ठिकाणापासूनही दूर राहावं. मुलींनी आणि त्यांच्या पालकांनी हेही जाणून घ्यावं, की कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाला आळा घालणारा २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थी आणि बिनपगारी स्वयंसेवक यांनाही लागू आहे. दहा किंवा अधिक माणसं काम करत असतील तिथे अंतर्गत तक्रार समिती असणं सक्तीचं आहे. समितीत कोण आहे, हे पहिल्याच दिवशी विचारावं.

६. शिष्यवृत्ती: आधी आपलं राज्य बघा

१८९२ मध्ये जमशेटजी टाटांनी परदेशी शिक्षणासाठी निधी सुरू केला. त्याच्या पहिल्या लाभार्थी दोन स्त्रिया होत्या: फ्रेनी कामा आणि कृष्णाबाई केळवकर. दोघीही डॉक्टर. कृष्णाबाईंनी पुढे कोल्हापूरच्या रुग्णालयात बायकांवर उपचार केले. परदेशात शिकून आलेलं ज्ञान थेट कोल्हापूरच्या बाळंतिणींपर्यंत पोचलं. हा निधी आजही चालू आहे. तो कर्जाऊ शिष्यवृत्ती देतो, म्हणजे पैसे पुढे फेडायचे असतात, हे अर्ज करताना ध्यानात असावं.

घराजवळच्या योजनांचा नियम असा, की बहुतेक सरकारी शिष्यवृत्त्या तुम्ही कुठे शिकता यापेक्षा कुठचे रहिवासी आहात यावर चालतात. अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती (उत्पन्नमर्यादा अडीच लाख) मूळ राज्याकडून मिळते. त्यामुळे बेंगळुरूत शिकणाऱ्या सोलापूरच्या विद्यार्थ्याने महाराष्ट्राकडे आणि बेळगावच्या विद्यार्थ्याने कर्नाटकाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर बघायचं. केंद्राची गुणवत्ता शिष्यवृत्ती पदवीला वर्षाला १२,००० आणि पदव्युत्तरला २०,००० देते. त्यासाठी बारावीत आपल्या बोर्डाच्या वरच्या वीस टक्क्यांत असावं लागतं आणि घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असावं लागतं.

सेवाक्षेत्राच्या दृष्टीने बेंगळुरूतली सगळ्यात मोठी सोय म्हणजे सर्जापूरजवळचं अझीम प्रेमजी विद्यापीठ. शिक्षण आणि विकास या विषयांत तिथे एम.ए. करता येतं आणि घरच्या ऐपतीनुसार फीमध्ये, राहण्या-जेवणातही मदत मिळते. फीचा आकडा बघूनच अर्ज टाळणारी मुलं इथे मोठी चूक करतात. याच घराण्याच्या फाउंडेशनची, निवडक राज्यांतल्या सरकारी शाळांत दहावी-बारावी केलेल्या मुलींसाठी, वर्षाला ३०,००० रुपयांची शिष्यवृत्ती आहे.

७. लांबचा पल्ला उलटा मोजावा

शांतता-अभ्यासाची जगातली सर्वांत नावाजलेली शिष्यवृत्ती रोटरीची. दरवर्षी सुमारे १३० जण निवडले जातात. फी, राहणं, प्रवास सगळं मिळतं. पुण्याच्या सिंबायोसिस विद्यापीठाचीही रोटरीने शांतता केंद्रासाठी निवड केली आहे. पण एम.ए.ला आपल्या देशाबाहेरच शिकायचं अशी अट आहे. रोटरी सदस्यांच्या मुला-नातवंडांना अर्ज करता येत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाची अट म्हणजे, एम.ए.साठी किमान तीन वर्षांचा पूर्ण वेळ कामाचा अनुभव. ब्रिटनच्या चीव्हनिंगलाही २,८०० तासांचा, म्हणजे साधारण दोन वर्षांचा अनुभव लागतो.

म्हणून हिशेब शेवटाकडून सुरू करायचा. समजा, पदवी २१ व्या वर्षी. स्टेट बँकेची 'यूथ फॉर इंडिया' ही १३ महिन्यांची ग्रामीण फेलोशिप केली की वय २२ च्या पुढे. त्यानंतर एखाद्या संस्थेत दोन वर्षं नोकरी केली की २४ व्या वर्षी रोटरीच्या अर्जाचा हक्क मिळतो. 'गांधी फेलोशिप' किंवा 'टीच फॉर इंडिया' घेतली तर त्या दोन-दोन वर्षांच्या आहेत. मग नोकरी एकच वर्ष. आईवडिलांच्या पोटाच्या प्रश्नाचं उत्तरही याच हिशेबात आहे: या सगळ्या वर्षांत दरमहा मानधन मिळतं. ते संगणक कंपनीच्या पगाराच्या जवळपासही नसतं, आणि हे घरात आधीच मोकळेपणाने सांगितलेलं बरं. घरावर कर्ज असेल, धाकट्यांचं शिक्षण बाकी असेल, तर आधी तीन वर्षं नोकरी करून मग या वाटेला येण्यात काहीही कमीपणा नाही.

दिशाच ठरलेली नसेल तर डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी २००६ मध्ये सुरू केलेला गडचिरोलीचा 'निर्माण' उपक्रम बघावा. तिथल्या शोधग्रामच्या शिबिरांत तरुण मराठीतून याच प्रश्नाशी झुंजतात: माझं शिक्षण कुणाच्या उपयोगी पडणार?

८. पहिल्या वर्षापासून

महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी राष्ट्रीय सेवा योजना ३७ विद्यापीठांत सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं एक निवासी शिबिर. पुष्कळ मुलं ती प्रमाणपत्रापुरती करतात, ही फार मोठी हानी आहे, कारण पहिली नोंदवही तयार होण्याची हीच जागा. अभियांत्रिकीच्या मुलांनाही पळवाट नाही: बेळगावच्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाखालच्या कॉलेजांत चार वर्षांच्या पदवीला १०० उपक्रम-गुण लागतात, आणि ते गावाच्या पाण्यावर, कचऱ्यावर, शाळेवर काम करून मिळवता येतात.

१९८४ मध्ये म्हैसूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या काही विद्यार्थ्यांनी स्वामी विवेकानंद यूथ मूव्हमेंट सुरू केली. एच. डी. कोटे तालुक्यातल्या आदिवासींसाठी त्यांनी पुढे दवाखाना आणि शाळा उभी केली. सुरुवात केली तेव्हा ती मुलं शिकतच होती.

पहिल्या वर्षात असाल तर या आठवड्यात तीन कामं करा. कॉलेजच्या सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना भेटून नाव नोंदवा. एक वही घाला आणि केलेल्या कामाची तारीख, तास आणि काय शिकलात ते त्यात लिहीत जा. उत्पन्नाचा, रहिवासाचा आणि लागू असेल तर जातीचा दाखला काढायला टाका. शिष्यवृत्तीचे अर्ज गुणांपेक्षा दाखल्यांवाचून अधिक अडतात, आणि ऐन प्रवेशाच्या दिवसांत तहसील कचेरीतली रांग फार लांब असते.